राखेचा पत्ता

ऑनलाइन दुकानांत आता भांडी घासायची राख विकत मिळते. चाळलेली, पाकीटबंद, वर 'नैसर्गिक' असा शिक्का, आणि किंमत अशी की चुलीतून रोज टोपलीभर राख काढणाऱ्या जुन्या बायकांनी कपाळावर हात मारून घ्यावा. रिठा, शिकेकाई, कडुनिंबाची पूड, कोळशाचे दंतमंजन यांचीही हीच तऱ्हा आहे. यात थट्टेला जागा भरपूर आहे. पण थट्टा बाजूला ठेवली तर एक नेटका प्रश्न उरतो. जुने मराठी घर निसर्गाला धरून चालत होते असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा ते कशामुळे तसे चालत होते? त्यातल्या वस्तूंमुळे, माणसांच्या शहाणपणामुळे, की आणखी कशामुळे? चुलीतल्या राखेची गेल्या दीडशे वर्षांतली वाटचाल पाहिली तर माझ्या मते उत्तर असे निघते : राख गुणी होती, पण घराला निसर्गाशी बांधून ठेवले ते तिच्या गुणांनी नव्हे. घरातून निघणारी वस्तू पुढे कुठे जाणार हे ठरलेले होते, आणि ते ठिकाण घरच्यांच्या नजरेच्या टप्प्यात होते. राखेला पत्ता होता. पाकिटातल्या राखेला तो नाही.

आधी गुणांचे पाहू. लाकूड पूर्ण जळले की उरते ती मुख्यतः खनिजे : चुनखडीच्या जातीचे कॅल्शियम कार्बोनेट सर्वांत जास्त, त्याखालोखाल पाण्यात विरघळणारे पोटॅशियम कार्बोनेट, थोडा स्फुरद, थोडी सिलिका. या मिश्रणाने भांडे दोन रीतींनी स्वच्छ होते. बारीक कण खरवडतात, आणि पाण्यात उतरलेला क्षार तेलातुपाशी संयोग पावून त्याचा साबण करतो. आमटीचे तेलकट पातेले ओल्या नारळाच्या शेंडीने आणि राखेने घासताना बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो, तो राखेचाही नसतो आणि तेलाचाही. तो तिथल्या तिथे तयार झालेला साबण असतो. म्हणून घासणारी बाई राख चाळून घेई. न जळालेला कोळसा राहिला तर भांडे काळे होई आणि खडा राहिला तर ओरखडा उठे. तांब्यापितळेवरचे डाग मात्र क्षाराला जुमानत नाहीत. त्यांना आंबट लागते. तिथे चिंचेचा चोथा किंवा आमसूल येई आणि राख त्यानंतर फिरे. चिंचेने उघडे पडलेले तांबे अन्नात उतरू नये म्हणून आतून कल्हई असे. ती उडाली की कल्हईवाला दारात भाता मांडून भांडे तापवी, नवसागर टाकी आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी. एका पातेल्याभोवती चूल, नारळ, चिंच आणि कथील अशी चार ठिकाणची साखळी होती.

क्षाराची ही ओळख अनुभवाची असली तरी अडाणी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पती जाळून, त्यांची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून क्षार कसा तयार करावा याला एक अख्खा अध्याय दिला आहे; तो क्षार शल्यकर्मात जाळण्या-कापण्याच्या कामी येई. यवक्षार आणि सज्जीखार ही नावे वैद्याच्या पेटीत होती तशीच परिटाच्या भट्टीतही. बलुतेदारीतला परीट मळके कपडे खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवी, मग दगडावर आपटी. रेशीम आणि लोकर मात्र खारात घालायची नाही, हे त्याला पक्के ठाऊक असे. हे दोन्ही धागे प्रथिनांचे. कडक क्षार त्यांना खातो. त्यांच्यासाठी रिठा. त्याच्या सालीतले सॅपोनिन सौम्य फेस देते, मळ उचलते आणि धाग्याला इजा करत नाही. आजही ठेवणीतल्या रेशमी साड्या आणि चांदीचे दागिने यांच्यासाठी रिठ्याचे पाणी वापरले जाते, ते उगाच नव्हे. म्हणजे जुन्या घरात 'नैसर्गिक' नावाचा एकच कप्पा नव्हता. कुठे क्षार, कुठे आंबट, कुठे सौम्य फेस याची वाटणी होती आणि ती चुकली तर वस्तू हातची जाई.

पण राखेची खरी गोष्ट मोरीपाशी संपत नाही. चुलीतून आणि बंबातून निघालेल्या राखेला मोरी हे एकच गिऱ्हाईक नव्हते. कडधान्य साठवताना ती डब्यात, कणगीत मिसळत. राखेचे कण दाण्यांमधल्या फटी भरून टाकतात, भुंगेऱ्यांना हिंडायला जागा उरत नाही, शिवाय त्यांच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडले जाऊन ते कोरडे पडतात. परसातल्या वेलींवर मावा पडला की सकाळी दव असताना राख धुरळत. उरलेली शेणकुटाबरोबर, केरकचऱ्याबरोबर उकिरड्यावर जाई आणि मृगाआधी गाडीत भरून शेतावर. मोरीतून वाहिलेले राखेचे पाणी आळूच्या किंवा केळीच्या बुंध्याशी मुरे, आणि केळीला पोटॅश हवेच असते. कोकणात तर राख हे शेतीचे पहिले पाऊल होते. भाताचे रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या आणि माती रचून पेटवायची, याला राब म्हणतात. त्याने तणाचे बी जळते, जमीन भुसभुशीत होते, आणि जांभ्याच्या आम्लधर्मी मातीला राखेतला चुना व पोटॅश मिळतो. देशावरच्या काळ्या जमिनी मुळातच चुनखडीच्या आणि अल्कधर्मी. तिथे राखेचा उपकार कमी. तिथे राबही नव्हता. पद्धत मातीप्रमाणे बदलत होती.

राबावरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला आणि तो या विषयाला थेट भिडतो. जंगलखात्याला राब म्हणजे झाडांची नासाडी वाटे, शेतकऱ्याला तो भाताचा प्राण वाटे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारने १८८५ मध्ये आयोग नेमला; १८८७ च्या त्याच्या अहवालात राबाचा प्रश्न ठळकपणे आला. दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, जॉन ऑगस्टस व्होलकर हे इंग्रज कृषिरसायनज्ञ हिंदुस्थानात आले. हिंदी शेतकरी मागासलेला आहे या सरसकट मताशी ते सहमत झाले नाहीत. पण १८९३ च्या अहवालात त्यांनी एका गोष्टीवर वारंवार बोट ठेवले. सरपण मिळत नाही म्हणून शेण चुलीत जाते, आणि शेण जाळले की त्यातला नत्र धुराबरोबर उडून जातो. राखेत पोटॅश उरतो, स्फुरद उरतो, नत्र उरत नाही. म्हणून गावोगाव सरपणाची आणि चाऱ्याची राखीव राने हवीत, असे त्यांचे सांगणे होते.

व्होलकरांचे हे निरीक्षण जुन्या घराच्या भक्तांनी जरा थांबून वाचावे असे आहे. गोवरी जाळणारे घर काही वाया घालवत नव्हते असे दिसते खरे, पण शेताचे सर्वांत मोलाचे खत ते रोज सकाळ-संध्याकाळ धुराड्यातून सोडत होते. चक्र होते, पण गळके. जिथे रान जवळ होते तिथे लाकूड जळे आणि शेण शेतात जाई. जिथे रान तुटले होते किंवा जंगलखात्याने कुंपणात घेतले होते, तिथे शेण चुलीत जाई आणि शेत उपाशी राही. म्हणजे घराची पर्यावरणाशी असलेली जुळणी घरातल्या संस्कारांवर ठरत नव्हती. घराबाहेरची जमीन, रान आणि पाणी कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरत होती. तीच चूल, तीच बाई, तीच राख. रान गेले की हिशेब उलटा.

मग राख गेली कशी? साबणाने तिला हाकलले, हे सोपे उत्तर अर्धेच खरे आहे. लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कोलकात्याच्या बंदरात १८८८ मध्ये उतरल्या. परदेशी साबणातल्या जनावरांच्या चरबीमुळे अनेक घरांनी तो दूर ठेवला. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे आर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलांचा साबण काढला, तेव्हा ही अडचण सुटली. तरीही कित्येक दशके साबण अंगाला आणि कपड्यांना, राख भांड्यांना अशी वाटणी सुखाने नांदली. ती मोडली भांड्यांनी आणि इंधनाने. स्वस्त ॲल्युमिनियम स्वयंपाकघरात शिरले, आणि ॲल्युमिनियमला क्षार चालत नाही. तो त्या धातूला खातो, भांडे काळवंडते. मागून स्टील आले. त्याची झिलई कोरड्या राखेने जाते. त्याच काळात चूल मालवू लागली. बर्मा-शेलने १९५५ मध्ये मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली. आधी रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅस असे करत शहरातली राखच आटली. सर्फ १९५९ मध्ये आणि निरमा १९६९ मध्ये आला तो या रिकाम्या जागेत. डिटर्जंटने राखेला हरवले नाही. राख तयार होणेच थांबले होते, आणि फुकट मिळणारी वस्तू गेल्यावर विकतची येणे ओघानेच आले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. चूल गेली हे बरेच झाले, असे कोणीही समंजस माणूस म्हणेल. राखेचे कौतुक करणारे धुराचे नाव घेत नाहीत. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांची आणि फुप्फुसांची किंमत त्या टोपलीभर राखेत धरलेली नसते. सरपणाच्या मोळीचे अंतर, आडावरचे पाणी, हिवाळ्यात क्षाराने फुटलेले हात, हे सारे त्या 'निसर्गस्नेही' घराच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूला होते आणि ते बहुतेक एकाच माणसाच्या नावावर होते. हा भार अजूनही सरकलेला नाही : २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे भरला. 'घरीच रिठ्याचे द्रावण उकळा, गाळा, आठवड्याला नवे करा' असा सल्ला देताना ते उकळणार कोण हे सल्ला देणारा सहसा सांगत नाही. याहून कडू बाब जातीची आहे. टोपलीच्या संडासात मैल्यावर टाकायला राखच वापरत, आणि ती टोपली डोक्यावर नेण्याचे काम जन्माने ठरलेल्या माणसांच्या माथी मारलेले होते. ही प्रथा बंद करणारा केंद्रीय कायदा व्हायला १९९३ साल उजाडले, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. काहीही वाया न घालवणारे गाव हेही होते. त्याचे चक्र काही माणसांच्या अंगावरून फिरत होते.

हा आक्षेप मला संपूर्ण मान्य आहे. त्याने माझे म्हणणे मोडत नाही, उलट धारदार होते. जुन्या घरातून उचलायचे काय, हे ठरवताना वस्तू उचलली तर तिच्यामागचे कष्टही चालत येतात. पण 'घरातून निघालेल्याचे पुढे काय होते याचे उत्तर घराने द्यावे' ही अट उचलली, तर ते कष्ट कोणी करायचे हे नव्याने वाटता येते. गाडगेबाबांनी हेच केले. परिटाच्या घरात जन्मलेल्या या माणसाने गावात पाऊल टाकताच स्वतः खराटा हाती घेतला आणि गावकऱ्यांना मागे यायला लावले, कीर्तन त्यानंतर. घाण ज्याची, त्याने ती काढावी, हा त्यांचा धडा स्वच्छतेइतकाच जातीबद्दलही होता. शासनाने पुढे त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, पण त्या धड्याचा रोख बक्षिसांकडे कमी आणि हात कोणाचे याकडे जास्त होता.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. राखेने भांडे स्वच्छ दिसते, पण निर्जंतुक होते का? साबण नसेल तर राखेने हात धुवा असा सल्ला आरोग्यसंस्था गरीब वस्त्यांना देत आल्या आहेत. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी त्यावरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा, राख साबणाइतकी उपयोगी आहे की नाही हे सांगण्याजोगा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. तेव्हा हात धुवायला साबणच घ्यावा, यात शंका नको. शिवाय आजच्या राखेत कालची शुद्धताही नाही. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, सोबत चिकटलेले प्लास्टिक जळाले की राखेत शिसे आणि इतर विषारी द्रव्ये उतरतात; ती राख भांड्याला लावायची नाही आणि भाजीच्या वाफ्यातही टाकायची नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे समीकरण जुन्या घरानेही कधी मांडले नव्हते. रेशमाला खार लावायचा नाही आणि पितळेत ताक ठेवायचे नाही, हे नियम धोका ओळखूनच झाले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत आधुनिक आहे : आता घरात धूर नाही, राख नाही, शेण नाही, विजेची शेगडी आणि गॅस असलेले घर जुन्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, मग तक्रार कशाची? घराच्या चार भिंतींपुरते हे खरे आहे. पण राख गेलेली नाही, तिने बिऱ्हाड हलवले आहे. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग कोळशावर चालतो, आणि आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा इथली औष्णिक केंद्रे ती रोज तयार करतात. २०२१-२२ या एका वर्षात देशातल्या औष्णिक केंद्रांतून सुमारे २७ कोटी टन राख निघाली. यातली बरीच सिमेंटात आणि विटांत जाते. १९९९ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या ५० किलोमीटर परिघातल्या वीटभट्ट्यांना ती वापरणे बंधनकारक केले, पुढे हा परीघ वाढवत नेला. तरीही राखेची तळी भरतात, राख वाऱ्यावर उडते, बांध फुटून ओढ्यानाल्यांत उतरते. ही राख भांडी घासायच्या कामाची नाही. तिच्यात आर्सेनिक, पारा यांसारखी द्रव्ये अंशरूपाने असतात. पुण्यातले शेगडीचे बटण आणि कोराडीच्या शेजारच्या गावातले राखट अंगण यांचा संबंध कोणत्याही घराला दिसत नाही. जुन्या चुलीचा धूर स्वयंपाक करणारीच्या नाकात जाई आणि तो अन्याय होता. नव्या चुलीचा धूर दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाच्या नाकात जातो, आणि त्याने तर आपली पोळीही खाल्लेली नसते.

भांड्यांच्या आणि कपड्यांच्या पावडरीचेही तसेच. मोरीतले राखेचे पाणी केळीला जाई. सिंकमधला फेस नळीतून दिसेनासा होतो आणि शहरातले बरेचसे सांडपाणी प्रक्रियेविना वा अर्ध्या प्रक्रियेने नदीत पोचते. पावडरीतल्या फॉस्फेटवर पाण्यातले शेवाळ आणि जलपर्णी पोसते. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना वारंवार दिसतो. त्यात कारखान्यांचा वाटा आहे तसा घरांच्या सांडपाण्याचाही. त्यामुळे पावडर सोडून रिठा घ्यावा, हा उपाय चुकीचा नाही, पण अपुरा आहे. रिठ्यातले सॅपोनिन माशांना मारते. ओढ्यात सॅपोनिनयुक्त वनस्पती ठेचून मासे भुलवून पकडण्याची रीत अनेक भागांत होती. सारे शहर उद्या रिठ्यावर आले आणि नळी नदीतच जात राहिली, तर नदीचे भले होईल याची हमी नाही. पाणी मुरते कुठे, हा प्रश्न फेस कशाचा या प्रश्नाच्या आधीचा आहे.

आता कसोटी लावून पाहता येईल. आजच्या शहरी घरात राखेची जागा कोणत्या वस्तूने घेतली आहे? रोज निघणारी, घराबाहेर काढावीच लागणारी आणि योग्य जागी गेली तर मातीला हवीशी अशी वस्तू म्हणजे ओला कचरा. पुण्याने तो वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथ्यावर ओतला. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, आंदोलने केली, तेव्हा शहराला त्या गावांची नावे कळली. दुसरीकडे त्याच शहरात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये तिच्यातून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा घेणाऱ्या बायांना ओळखपत्र आणि मोबदल्याचा हक्क मिळाला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण घरावर टाकले आणि मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे सांगितले. हे नियम रूक्ष वाटतात, पण उकिरड्याचे काम त्यांच्यात आहे; फरक एवढा की इथे ते जातीवर न सोडता कायद्याने आणि मोबदल्याने वाटायचे आहे. सोसायटीच्या सभेत खतखड्ड्याला वासाच्या भीतीने विरोध करायचा आणि घरी राखेचे पाकीट मागवायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदतात तोवर पर्यावरणस्नेह ही खरेदीची एक आवड आहे, त्यापलीकडे काही नाही.

म्हणून राखेच्या पाकिटावर माझा राग नाही. ज्याच्याकडे तांब्यापितळेची भांडी आहेत आणि मोरीचे पाणी झाडांना जाते, त्याने ती जरूर वापरावी. पण शेतावरच्या चुलीतली मिळत असेल तर विकतची कशाला? बाकीच्यांनी आधी आपल्या घरातून काय निघते, ते कोणत्या गावाला जाते आणि ते कोणाच्या हातांतून जाते, एवढे लिहून काढावे. त्या यादीतल्या ज्या ओळीपुढे उत्तर लिहिता येणार नाही, तिथून सुरुवात करावी. बहुतेकांची सुरुवात ओल्या कचऱ्याच्या बादलीपासून होईल, आणि त्यासाठी बाजारातून काहीही आणावे लागणार नाही.